शंभराव्या अंकात संपलेली टीम

गेल्या महिन्यात या सदरात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या ‘अल्टिमेट्स’ या टीमविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. टीममध्ये पाच नायक: ब्लॅक पँथर हा राजा, ब्लू मार्व्हल, स्पेक्ट्रम, अमेरिका चावेझ आणि कॅप्टन मार्व्हल. शेवटची सोडली तर सगळे कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन वंशाचे. अल एविंगने लिहिलेली ही मालिका 2015 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये तिचा शेवटचा अंक निघाला. त्या चार ओळींवर भरपूर पत्रं आली. परळच्या आमच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांनी तर टपालाची वाट न बघता चिठ्ठ्या थेट माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. जागेत मावतील तेवढ्यांना उत्तरं देते आहे.

प्रश्न: किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मला ‘अल्टिमेट्स 2’चे सुटे अंक मिळाले. नववा आहे आणि त्यानंतर एकदम शंभरावा. मधले नव्वद अंक कुठे शोधू? (अकरावीचा विद्यार्थी, भांडुप)

शोधू नकोस, ते छापलेच गेले नाहीत. नवव्यानंतर येतो तो शंभरावाच आणि तोच शेवटचा. ‘अल्टिमेट्स’ हे नाव 2002 पासूनचं आहे. मार्क मिलर आणि ब्रायन हिच यांनी ती पहिली टीम एका वेगळ्याच विश्वात उभी केली होती, आणि ते विश्व मार्व्हलने 2015 मध्ये संपवलं. त्या नावाच्या जुन्या मालिकांचे आणि एविंगचे अंक एकत्र मोजून शंभरचा आकडा गाठला गेला. 2017 मध्येच मार्व्हलने आपल्या बऱ्याच मालिकांना असे जुन्या हिशेबाचे आकडे परत दिले.

इथे मात्र त्या आकड्याला गोष्टीतही जागा आहे. नष्ट झालेल्या विश्वातली जुनी टीम या अंकात परत येते आणि नव्या टीमसमोर उभी राहते. एकाच नावाच्या दोन पिढ्या एका अंकात. अंकात गर्दी होते, हे खरं. दोन-तीन अंकांत सावकाश सांगायचा मजकूर इतक्या थोड्या पानांत कोंबलाय, आणि काही चौकटी इतक्या भरलेल्या आहेत की मी त्या भिंग घेऊन वाचल्या. तरीही ट्रॅव्हल फोरमनने काढलेली विश्वाची पानं निवांत बघ. नावापुढे ‘2’ लागण्याआधीचे जे बारा अंक निघाले, त्यांतल्या बहुतेकांत केनेथ रोकाफोर्टची चित्रं आहेत, झगझगीत आणि तुकड्यातुकड्यांच्या चौकटींची. फोरमनची रेघ बारीक आणि बेचैन आहे. मला तीच जास्त आवडते.

प्रश्न: माझी मुलगी या टीममधल्या अमेरिका चावेझवर जीव टाकते. मालिका बंद पडली हे कळल्यावर म्हणाली, ‘आई, अशा टीम बंदच पडतात.’ लोकांना असे नायक नको असतात म्हणून बंद पडली का? (एक आई, मुलुंड)

ताई, हा प्रश्न 2017 मध्ये खूप गाजला होता. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस मार्व्हलच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष डेव्हिड गॅब्रिएल एका मुलाखतीत म्हणाले की, लोकांना आता आणखी विविधता नको आहे, असं दुकानदारांकडून ऐकायला मिळालं. नंतर त्यांनी खुलासा केला, पण तोवर ते वाक्य जगभर फिरलं होतं. तुमच्या मुलीच्या कानावर ते कुठूनतरी पडलं असणार.

आता ही विक्री मोजतात कशी ते बघा. अमेरिकेत कॉमिक्सचे सुटे अंक मुख्यतः खास कॉमिक्सच्या दुकानांत विकले जातात. दुकानदार अंक निघायच्या साधारण दोन-तीन महिने आधी यादी बघून मागणी नोंदवतो, आणि उरलेले अंक त्याला सहसा परत करता येत नाहीत. आपला पेपरवाला न खपलेले अंक परत पाठवतो, तशी सोय त्याला नाही. मग तो काय करेल? वर्षानुवर्षं खपणारा स्पायडरमॅन जास्त मागवेल आणि नव्या टीमच्या मोजक्या प्रती घेईल. पहिला अंक वाचकाच्या हातात पडायच्या आत तिसऱ्याची मागणी नोंदवून झालेली असते. मालिका चालू ठेवायची की नाही, हे मुख्यतः या मागणीवर ठरत आलं. ज्या मुली पुस्तकांच्या दुकानातून किंवा शाळेच्या वाचनालयातून बांधीव खंड घेऊन वाचतात, त्यांची मोजणी त्यात होत नाही. तुमची मुलगी त्यातलीच ना?

त्यात या टीमची आणखी एक अडचण झाली. सुरुवातीचे सहा अंक धड होतात न होतात तोच मार्व्हलचा ‘सिव्हिल वॉर 2’ हा महाप्रसंग, म्हणजे अनेक मालिकांतून एकाच वेळी चालणारी एक मोठी गोष्ट, येऊन आदळला. कॅप्टन मार्व्हल एका बाजूला, ब्लॅक पँथर दुसऱ्या बाजूला, आणि टीम फुटली. बाराव्या अंकात मालिका बंद झाली आणि लगेच नव्या नावाने, पुन्हा पहिल्या अंकापासून सुरू झाली. नव्याने येणाऱ्या वाचकाने नेमकं कुठून धरायचं? मी वाचनालयात मुलांना हे समजावताना कागदावर बाण काढून दाखवते.

वाचकांना असे नायक नको असते, तर कमला खानच्या ‘मिस मार्व्हल’चं काय? जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची मुस्लिम मुलगी. तिची मालिका 2014 मध्ये आली आणि पहिल्याच खंडाला 2015 चं ह्यूगो हे विज्ञानकथांसाठीचं पारितोषिक मिळालं. त्याच्याही आधी, 1993 मध्ये, ड्वेन मॅकडफी आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ‘माइलस्टोन’ ही कॉमिक्स काढणारी संस्था सुरू केली. तिच्या ‘ब्लड सिंडिकेट’मध्ये कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकन, कोरियन वंशाची अशी कितीतरी पोरं एका टोळीत होती. पस्तीस अंकांनंतर 1996 मध्ये ती मालिका बंद झाली. पण माइलस्टोनच्याच ‘स्टॅटिक’वर 2000 मध्ये टीव्हीची कार्टून मालिका आली आणि चार वर्षं चालली, आणि ‘ब्लड सिंडिकेट’ 2022 मध्ये नव्याने निघाली. मुलीला हे सगळं सांगा. आणि अमेरिका चावेझ कुठेही गेलेली नाही. टीमची मालिका चालू असतानाच, 2017 मध्ये, तिची स्वतःची मालिकाही निघाली होती.

प्रश्न: आम्ही वेताळ आणि मॅन्ड्रेक वाचत मोठे झालो. एकटा वेताळ पुरत असे. आता टीममध्ये एक या वंशाचा, एक त्या वंशाची, असा तक्ता भरल्यासारखं वाटतं. गोष्टीला त्याची खरंच गरज असते का? (निवृत्त बँक कर्मचारी, गिरगाव)

काका, वेताळ माझाही लाडका. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये आपल्या मुंबईतून, टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केली. पण तुम्हाला 1976 ही आठवत असेल. त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, कुर्ता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या डाकूंशी लढणारा. परदेशी नायकांच्या रांगेत आपल्या नावाचा, आपल्या मातीतला माणूस बघून तेव्हा छातीत काय झालं होतं? तेच आज दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला होतंय.

आता गरजेचं. तक्ता भरला आहे की गोष्ट सांगितली आहे, हे ओळखायची माझी एक रीत आहे. त्या पात्राच्या जागी दुसरं पात्र ठेवून बघते. गोष्ट जशीच्या तशी राहिली, तर तुमचं म्हणणं खरं. या टीमला ही कसोटी लावू.

ब्लू मार्व्हल, म्हणजे ॲडम ब्रॅशिअर, भौतिकशास्त्रज्ञ आहे. बुरखा घालून अमेरिकेचा लाडका वीर झालेला. 1962 मध्ये झटापटीत त्याचा पोशाख फाटतो आणि तो कृष्णवर्णीय आहे हे लोकांना कळतं. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्याला मोठा सन्मान देतात आणि त्याच वेळी निवृत्त व्हायला सांगतात. तो निमूट घरी जातो. केविन ग्रेव्हिओ यांनी रचलेली ही पूर्वकथा आहे. जगातला बहुधा सर्वांत बलवान माणूस अनेक दशकं गप्प बसवला गेला. असा माणूस टीममध्ये येऊन पहिलं वाक्य बोलतो तेव्हा त्या वाक्याला वजन असतं. त्याच्या जागी दुसरा कुणीही ठेवून बघा, ते वजन राहणार नाही.

मोनिका रॅम्बो ही न्यू ऑर्लिन्सच्या बंदरावर गस्त घालणारी अधिकारी. 1982 मध्ये ती कॅप्टन मार्व्हल या नावाने आली, ॲव्हेंजर्सची प्रमुखही झाली. पुढे ते नाव तिच्याकडून गेलं. या टीममध्ये ती ‘स्पेक्ट्रम’ आहे आणि तिच्यासोबत काम करते कॅरल डॅनव्हर्स, आजची कॅप्टन मार्व्हल. एका नावाच्या दोन बाया एका टेबलाशी! एविंग त्यावर भांडण रचत नाही, दोघींना काम देतो. मला हे फार आवडलं.

आणि आता गॅलॅक्टस. 1966 पासून तो मार्व्हलच्या गोष्टींत ग्रह गिळत फिरतोय, आणि दरवेळी नायक त्याला कसाबसा पळवून लावतात. ही टीम पहिल्या दोन अंकांत वेगळंच विचारते: याला इतकी भूक लागते कशामुळे? उत्तर सापडतं की ज्या यंत्रात तो घडत होता, त्यातून तो वेळेआधी बाहेर पडला. मग टीम त्याला पुन्हा त्याच यंत्रात घालते, आणि जो बाहेर येतो तो ग्रहांना जीवन देणारा असतो. राजा, शास्त्रज्ञ, वैमानिक, गस्तीवरची अधिकारी आणि दोन आयांनी वाढवलेली, विश्वांच्या भिंतीत लाथेने तारेच्या आकाराची दारं पाडणारी पोरगी, अशी माणसं एकत्र बसली म्हणून हा प्रश्न सुचला. ठोसे मारणारी पाच माणसं बसली असती तर ठोसेच सुचले असते.

शेवटच्या अंकातला शत्रूही मग आपोआप ठरतो. ‘फर्स्ट फर्मामेंट’ हे सर्वांत पहिलं विश्व आहे, जेव्हा सगळं एकच होतं. त्याच्याच निर्मितीतल्या काहींना जग बदलावं, वाढावं असं वाटलं. त्यांनी बंड केलं, त्या युद्धात ते विश्व फुटलं आणि एकाची अनेक झाली. हे त्याला कधीच सहन झालं नाही. परत येऊन ते आजच्या विश्वाला, इटर्निटीला, साखळ्यांनी बांधतं. इटर्निटी म्हणजे माणसाच्या आकाराचं अवघं आकाश, अंगभर ग्रहतारे असलेलं. मार्व्हलचे लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी 1965 मध्ये कल्पिलेलं. शंभराव्या अंकात ते मोकळं होतं. अनेकपणाचा राग धरून बसलेल्या एकट्या विश्वासमोर एकाच साच्याची टीम उभी करून चालली असती का, काका? तुम्ही सगळे खंड वाचा आणि मला पुन्हा लिहा. मी वाट बघेन.

प्रश्न: दहा वर्षांच्या मुलाला ही मालिका द्यावी का? (पालक, बोरिवली)

बारा-तेरापर्यंत थांबा. हिंसा फारशी नाही, पण विश्वांची उतरंड लहान मुलांना कंटाळा आणते. तोवर कमला खान द्या.

प्रश्न: आमच्या कॉलनीतल्या मैत्रिणी मिळून एका टीमचं कॉमिक्स काढतो. हाताने काढतो, झेरॉक्स मारतो आणि वाटतो. टीममध्ये एक मासे विकणारी आहे, एक रिक्षावाल्याची मुलगी आहे, एक ऐकू न येणारी आहे. बारावीमुळे आता बंद करावं लागणार. शेवटचा अंक कसा लिहायचा? (चेंबूर)

मुलींनो, तुमचं पत्र मी वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवलं.

आत्ताच ठरवा की अजून किती अंक निघतील. दोन म्हणालात तर दोनच. शेवटच्याच्या आधीच्या अंकात नवं पात्र आणू नका. तुमच्या गोष्टीतलं वाचक सारखं विचारतात असं एकच अर्धवट सूत निवडा आणि ते पूर्ण करा. बाकीची सुटी राहिली तरी चालतील. वाचकाला रडवायला म्हणून कुणाला मारू नका. प्रत्येकीला निदान एक पान असं द्या, ज्यात तिलाच जमणारं काहीतरी ती करते. ऐकू न येणाऱ्या मुलीच्या पानावर संवादाचे फुगे ठेवू नका, हातांच्या खुणा नीट शिकून काढा. त्यासाठी एखाद्या मूकबधिर शाळेतल्या बाईंना भेटा, अंदाजाने काढू नका.

शेवटच्या पानावर सगळ्यांची नावं घाला, कुणी लिहिलं, कुणी काढलं, कुणी शाई भरली आणि झेरॉक्सचे पैसे कुणी दिले तेही. मूळ चित्रं गुंडाळून ठेवू नका. सपाट, कोऱ्या कागदांच्या मधे घालून ठेवा, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीजवळच्या कपाटात तर मुळीच नको. सर्व अंकांचा एक संच आमच्या वाचनालयाला हवा आहे. कॉमिक्सच्या कपाटात वरून दुसरा कप्पा मी रिकामा केला आहे. जून लागायच्या आत आणून द्या, आणि येताना मासे विकणारीचं चित्र जिने काढलंय तिलाही घेऊन या. मला तिच्याशी बोलायचं आहे.