हळदीतल्या कर्क्युमिनच्या धर्तीवर लॅबमध्ये बनवलेली संयुगं खरंच अँटिऑक्सिडंट आणि सूज कमी करणारी असतात का? की हळदीचं दूधच बरं?

असतात. पण हे दोन गुण तुम्ही जोडीने विचारलेत, तसे ते जोडीने येतातच असं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हेच करत होते. लग्नाआधीच हात पिवळे झाले म्हणून आई चिडवायची.

कर्क्युमिनचं दुखणं त्याच्या कमरेत आहे. दोन टोकांना दोन फिनॉलची (ओएच गट लागलेली) कडी, मधे सात कार्बनचा पूल आणि पुलाच्या मध्यावर दोन कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाच्या) बेचक्यात एक मिथिलीन (दोन हायड्रोजन असलेला कार्बन). रेणू तिथेच मोडतो. ३७ अंश आणि ७.२ पीएचच्या साध्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन संपतं. म्हणून एक कार्बोनिल आणि ते मिथिलीन काढून पूल पाच कार्बनांचा करतात. त्यासाठी आल्डिहाइड दोन भाग आणि अ‍ॅसिटोन एक भाग लागतं. आल्डिहाइड म्हणून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचं वासद्रव्य, घेतलं की लॅबभर आइस्क्रीमचा वास! माझ्या पहिल्या खेपेला अ‍ॅसिटोन सढळ हाताने पडलं आणि एकाच बाजूला व्हॅनिलिन लागलेला अर्धा रेणू मिळाला. सर म्हणाले, "हे तर आल्यातही असतं, नवीन काय केलंस?"

अँटिऑक्सिडंट चाचणी म्हणजे बहुतेकदा डीपीपीएच नावाच्या रसायनाची. त्याच्या गर्द जांभळ्या द्रावणात संयुग टाकलं की रंग उतरून पिवळा होतो. फिनॉलने आपला हायड्रोजन देऊन टाकलेला असतो. आमची संयुगं मुळातच पिवळी, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा न ठेवता ५१७ नॅनोमीटरवर मोजायचं.

सुजेचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात कर्क्युमिनच्याच धर्तीवर बनवलेलं ईएफ-२४ हे संयुग बघा. त्याच्या टोकांना फिनॉलचा ओएच नाहीच, फ्लोरिन आहे. म्हणजे हायड्रोजन देण्याची ती वाट बंद. तरीही सूज पेटवणारा एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला खटका ते दाबतं, कारण कार्बोनिलशेजारचा दुहेरी बंध प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतो. मला धास्ती याच चिकटपणाची वाटते. जे दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं संयुग चाचणीत सगळीकडे 'पास' होतं. खुद्द कर्क्युमिनबद्दल २०१७ च्या एका गाजलेल्या आढाव्यात हाच इशारा होता.

आता दूध. चमचाभर, म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळदीत कर्क्युमिन जेमतेम ९० मिलिग्रॅम. १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासात माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊनही रक्तात ते जवळजवळ सापडलं नव्हतं. सोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतलं द्रव्य, दिल्यावर प्रमाण वीसपट वाढलं. दूध आवडत असेल तर खुशाल प्या. मात्र पिपरिन घातलेल्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नका. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत आहेत, शिवाय पिपरिन तुमच्या इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वाढवू शकतं.