खुब्याचा सांधा बदलल्यावर आई गोठ्यातली कामं कधी करू शकेल? धार कधी काढू शकेल?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार आईंचं वय 62, डाव्या खुब्याचा सांधा बदलून पाच आठवडे झाले, वॉकर सुटून हातात काठी आली. घरी दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या, एक कुत्रा. आणि आई म्हणतायत, "उद्यापासून धार मीच काढते."

उद्यापासून नाही. धार हे सगळ्यात शेवटी परत हातात घ्यायचं काम. बाकीची बरीच कामं मात्र त्याआधी सुरू होतात, फक्त गोठ्याची थोडी मांडामांड बदलावी लागते. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे निम्मे पेशंट जनावरंवाले, त्यामुळे "तीन महिने आराम करा" एवढ्यावर घरात कुणी थांबत नाही याची कल्पना आहे.

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि ऑपरेशन मागच्या बाजूने केलंय (पोस्टिरिअर) की पुढच्या (अँटिरिअर) ते बघा. मागच्या बाजूने केलं असेल तर सांधा निखळण्याच्या तीन हालचाली: मांडी पोटाकडे 90 अंशांच्या पुढे दुमडणं, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणं आणि गुडघा-पाऊल आत वळवणं. तिन्ही एकत्र झाल्या की धोका सर्वांत जास्त. पुढच्या बाजूने केलं असेल तर उलट, पाय मागे ताणून पाऊल बाहेर वळवणं टाळायचं असतं. ही बंधनं साधारण 6 ते 12 आठवडे पाळायला सांगतात. त्यात सर्जनचा शब्द शेवटचा. कमरेच्या मणक्याचं जोडणीचं ऑपरेशन आधी झालं असेल तर तेही त्यांना आठवणीने सांगा, कारण अशांचा खुबा निखळायची शक्यता जास्त असते.

आता धार काढायची बैठक डोळ्यांसमोर आणा. उकिडवं बसायचं, कासंडी दोन गुडघ्यांत आवळून धरायची, अंग पुढे झुकवून डोकं म्हशीच्या कुशीला टेकवायचं. मांडी 90 अंशांच्या कितीतरी पुढे दुमडलेली आणि कासंडी धरायला गुडघे आत वळलेले. वर त्याच क्षणी म्हशीने लाथ झाडली तर माणूस मागे कलंडतो. पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसून काही सुधारत नाही, गुडघे खुब्याच्या वरच राहतात. स्टूल 18 इंची घेतलं तर बसणं ठीक होतं, पण सडापर्यंत हात पोचवायला परत तितकंच वाकावं लागतं. मशीन लावलं तरी सडांना कप लावायला वाकणं आलं आणि दुधाने भरलेली बादली उचलणं आलं. तेव्हा तीन महिने तरी म्हशी-गायीची धार दुसऱ्या कुणी काढायची. त्यानंतरही उकिडवं बसायचं का, मांडी घालायची का, हे सर्जननी तपासून सांगितल्यावरच. काही सर्जन परवानगी देतात, काही कायमचं नाही म्हणतात.

म्हैस नव्या हाताला पान्हा चोरते, हे म्हशीवाल्यांना सांगायला नको. इथे आईंचा उपयोग करून घ्या. त्यांनी गव्हाणीच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून आंबोण द्यायचं, नेहमीसारखं बोलायचं, आणि धार तुम्ही काढायची. मधे गव्हाण असल्यामुळे जनावराचा धक्का त्यांच्यापर्यंत येत नाही. पाठीमागे घट्ट खुर्ची ठेवा, प्लॅस्टिकची पाय फाकणारी नको. शेळ्यांचं सोपं आहे. दीड फूट उंचीचा ओटा किंवा फळ्यांचा माचा करा, पुढे खाद्याची पाटी लावा. शेळी आपण होऊन वर चढते आणि आईंना खुर्चीत बसून, न वाकता धार काढता येते. मात्र चढ-उतरताना शेळीला दुसऱ्याने धरायचं.

कोणतं काम कधी, हे मी आठवड्यांवरून कमी आणि तीन चाचण्यांवरून जास्त ठरवतो. पहिली, 18 इंची खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठता येतं का. दुसरी, ओट्याला बोटं टेकवून डाव्या पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का. मागून बघा, उजवी कंबर खाली लोंबली तर कुल्ल्याचे स्नायू अजून तयार नाहीत. तिसरी, काठीशिवाय अंगणात वीस पावलं चालताना अंग डावीकडे हेलकावतं का. तिन्ही जमल्याशिवाय गोठ्यात काठी सोडायची नाही, भले घरात सुटली असेल.

काठी उजव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. ओझं उचलायचंच असेल तर ते डाव्या हातात. लोक नेमकं उलटं करतात, दुखऱ्या बाजूला त्रास नको म्हणून बादली चांगल्या बाजूला घेतात. तराजूसारखं आहे ते. डाव्या पायावर उभं असताना उजवीकडे वजन लटकलं की कंबर सावरायला डावे स्नायू जास्त ताणले जातात आणि सगळा दाब नव्या सांध्यावर येतो. सध्या दोन-तीन किलोंपर्यंत, म्हणजे दोन लिटरची किटली. दहा लिटरची भरलेली बादली बादलीसकट अकरा किलोंच्या आसपास जाते, ती तीन महिन्यांआधी नको. पाण्याला पाइप लावून घ्या.

पेंडीचं पोतं 50 किलोंचं, त्याला हात लावायचा नाही एवढं सगळ्यांना कळतं. चूक होते ती पिंपात. खाद्य तळाला गेलं की माणूस कमरेतून पिंपात शिरतो, आणि मांडी 90 अंशांच्या पुढे जाते. म्हणून रोज लागेल तेवढी पेंड कमरेएवढ्या कट्ट्यावर घमेल्यात काढून ठेवा. कडब्याची कुट्टीही तशीच वर. विळा घेऊन चारा कापायला बसणं बंद, आणि भारा डोक्यावर घेणंही. भाऱ्यात डोक्यावरच्या वजनापेक्षा तो जमिनीवरून उचलतानाचा झटका वाईट.

शेण भरणं आठ-दहा आठवड्यांनी, चाचण्या पार पडल्या तर. लांब दांड्याचं फावडं, अर्धंच भरायचं आणि पाय रोवून कमरेतून वळायचं नाही. डावा पाय जमिनीवर घट्ट ठेवून अंग डावीकडे फिरवलं की तोच पाय खुब्यात आत वळतो. छोटी छोटी पावलं टाकत पूर्ण अंगाने वळायचं. पाटी जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर ठेवा, किंवा दोन चाकी ढकलगाडी वापरा. एकचाकी कलंडते आणि ती सावरताना झटका बसतो. शेणी थापणं सध्या विसरा.

दावं खुंट्याला जमिनीलगत बांधलेलं असतं, ते सोडायला रोज दोनदा वाकणं होतं. भिंतीला कमरेच्या उंचीवर कडी ठोका. दावं हाताला गुंडाळायचं नाही, कधीच. जनावर पाण्यावर नेणं तीन महिन्यांनंतर आणि तेही गरीब गायीपुरतं. मारक्या म्हशीजवळ किंवा बैलाजवळ आईंनी जायची गरज काय?

पडण्याचं पहिलं कारण ओलं शेण. गोठा धुऊन निथळल्यावरच आत जायचं. काठीचं रबर महिन्याला उलटून बघा, खाचा झिजल्या किंवा शेण भरून सपाट झाल्या तर बदला, रबर स्वस्त असतं. गोठ्याबाहेर पायात मागे पट्टा असलेली सँडल, साडी घोट्याच्या वर. कुत्रा आईंना बघून उडी मारत असेल तर त्या बाहेर येताना त्याला बांधून ठेवा.

जंतुसंसर्गाबद्दल जरा सविस्तर, कारण इकडे दुर्लक्ष होतं. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. पाचव्या आठवड्यात जखमेतून थेंबभर जरी पाणी येत असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे जा, हळद-मलम लावत बसू नका. पुढेही कायम लक्षात ठेवायचं ते असं, की अंगावर कुठेही झालेल्या जखमेतले जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यावर जाऊन बसू शकतात. टाचेच्या भेगा भरून काढा, गोठ्यात गमबूट घाला. एक माप मोठे घ्या आणि घालायला लांब शूहॉर्न, नाहीतर बूट चढवतानाच खुबा दुमडतो. कुत्रा चावला, मांजराने ओरबाडलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना सांध्याचं सांगा. जनावर विताना आईंनी मदतीला जायचं नाही. गाभडलेल्या जनावराच्या वारेला (तुमच्याकडे जार म्हणत असतील) तर हातमोज्यांशिवाय कुणीच हात लावू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू, म्हणजे ब्रुसेला, माणसात येतात आणि क्वचित कृत्रिम सांध्यालाही धरतात. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची लस द्यायची असते, दवाखान्यात विचारा.

काम जास्त झालं हे त्याच दिवशी कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खुबा आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखला तर काम निम्मं करा. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर थांबू नका, ती रक्ताची गाठ असू शकते, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि कधी खटकन आवाज होऊन जोराची कळ आली, पाय आखूड दिसायला लागला, आत किंवा बाहेर वळून राहिला, पाय टेकवेना, तर सांधा निखळलाय असं धरा. पाय ओढू नका, चोळू नका, हाडवैद्याला बोलावू नका. आहे त्या स्थितीत आडवं ठेवा, दोन पायांमधे उशी द्या, खायला-प्यायला काही देऊ नका (सांधा बसवायला भूल द्यावी लागते) आणि 108 ला फोन करा.

उजवा खुबाही पुढे करायचा असेल तर तारीख म्हशींचं बघून घ्या. विण्याआधी दोनेक महिने म्हैस आटलेली असते. ऑपरेशन त्या काळाच्या सुरुवातीला ठेवलं तर पहिले आठ आठवडे निदान तिची धार कुणी काढायची हा प्रश्नच येत नाही.