इंग्लंडला नर्स म्हणून निघालीस, तर रंगाविषयी एवढं ऐकून घे

तू विचारलंस, "ताई, जळगावला सहा वर्षं आयसीयूत काढली. आता इंग्लंडच्या सरकारी दवाखान्याची ऑफर आली आहे. तिकडे रंगावरून फार त्रास देतात म्हणतात, ते खरं का? आणि सात वर्षांच्या पोराला सोबत न्यावं, की वर्षभर चोपड्याला आईकडे ठेवावं?"

खरं आहे. तरीही मी तुला ये असंच म्हणेन. यावल तालुक्यातून इथे येऊन मला अकरा वर्षं झाली.

रस्त्यावरचं आधी सांगते, कारण निघताना भीती त्याचीच वाटते. अकरा वर्षांत बस स्टॉपवर दोनदा शिव्या ऐकल्या, एकदा चालत्या गाडीतून कुणी पेयाचा डबा फेकून मारला. २०२४ चा ऑगस्ट मात्र वेगळा होता. जुलैच्या शेवटी साउथपोर्टला तीन लहान मुलींचा खून झाला आणि मारेकरी बाहेरून आलेला मुसलमान आहे, अशी खोटी अफवा उठली. तो मारेकरी पोरगा ब्रिटनमध्येच जन्मलेला होता. पण तोवर गावोगावी दंगली पेटल्या, संडरलँडला कामावर निघालेल्या दोन फिलिपिनो नर्सांवर दगडफेक झाली. त्या आठवड्यात नाइटला आम्ही चौघी मिळून जायचो. मग ७ ऑगस्टला हजारो लोक, त्यात गोरेही भरपूर, दंगलखोरांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. दोन्ही गोष्टी लक्षात ठेव.

वॉर्डात एक म्हातारे मला म्हणाले होते, "तू हात लावू नकोस, गोरी नर्स पाठव." मी ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या सिस्टर, म्हणजे वॉर्डच्या प्रमुख नर्स, मूळच्या जमैकाच्या. त्या आल्या आणि शांतपणे बोलल्या, "आज ड्यूटीवर हीच आहे. तिच्याकडून घ्यायचं नसेल तर थांबावं लागेल." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता डेटिक्स भर, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिही." डेटिक्स म्हणजे दवाखान्यात घडलेल्या घटनांची नोंद करायची कॉम्प्युटरवरची पद्धत. आपल्याकडे आपण 'जाऊ दे, म्हातारा माणूस आहे' म्हणून सोडून देतो. इथे सोडून दिलं की ते घडलंच नाही असं होतं. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिही. तक्रार पुढे न्यायची वेळ आली तर कायद्याची मुदत थोड्या महिन्यांचीच असते, म्हणून आल्या आल्या युनियनची मेंबर हो. व्हिसा मालकाशी बांधलेला असल्याने आपल्या मुली घाबरून गप्प बसतात. मीही दोन वर्षं गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण खरा वर्णद्वेष शिवी देत नाही, आणि मला तुला जे सांगायचंय ते हेच. तू आयसीयूची आहेस, म्हणून तुझ्याच कामातलं सांगते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर कधी कधी ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की मशीन ठीक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण काळ्या रुग्णांत सुमारे १२ टक्के होतं, गोऱ्यांत ४ टक्क्यांहून कमी. मशीन बनवणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. ज्यांच्यावर ते तपासलं ते बहुतेक गोरे होते, एवढं पुरलं. बेडसोरचंही, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचंही, तसंच. 'कातडी लाल झालीय का बघा' असं आपण सगळ्या शिकलो. सावळ्या पाठीवर लाली लवकर दिसत नाही, आणि दिसते तेव्हा जखम झालेली असते. मी हाताच्या मागच्या बाजूने पाठ चाचपते, गरम, टणक किंवा फुगीर लागते का बघते. तूही तसंच कर. जळगावलाही आपले पेशंट सावळेच होते, तरी आपण पुस्तकातल्या गोऱ्या कातडीचीच खूण शोधत होतो!

बढतीचं वेगळं सांगते. बँड ६ साठी, म्हणजे साध्या नर्सच्या वरच्या पगारश्रेणीसाठी, मी दोनदा नाकारली गेले. दोन्ही वेळा कारण एकच, "आत्मविश्वास कमी वाटला." मला वाटायचं माझंच इंग्रजी कमी पडलं. मग इथल्या सरकारी आरोग्यसेवेचेच आकडे वाचले. शॉर्टलिस्ट झालेल्यांपैकी गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट आहे, वर्षानुवर्षं.

सिस्टरांनी मला यामागची गोष्ट सांगितली. २२ जून १९४८ ला विंडरश जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन आलं आणि दोनच आठवड्यांनी, ५ जुलैला, इथली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. पुढे नर्स हव्यात म्हणून त्या बेटांवरून मुली बोलावल्या, पण कितीतरी जणींना न सांगता खालच्या दर्जाच्या दोन वर्षांच्या कोर्सला घातलं. त्यावर पुढे बढती नाही, आणि मायदेशी परतलं तर त्या कागदाला किंमत नाही. त्यातच एक सिस्टरांची आई. वरच्या खुर्च्यांवर काळी माणसं कमी का, हे मला तेव्हा कळलं. पुढे २०१८ मध्ये उघडकीस आलं की त्याच पिढीतल्या, पन्नास वर्षं इथे राबलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदा ठरवलं होतं. निदान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढलं. त्यांच्या येण्याची लँडिंग कार्डं २०१० मध्ये सरकारनेच नष्ट केली होती. म्हणून पगाराची प्रत्येक स्लिप, घरभाड्याचा करार, व्हिसाचं प्रत्येक पत्र जपून ठेव. एक संच चोपड्याला आईकडेही.

आता जे सांगते त्याचा राग येईल, तरी ऐक. पुण्याला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, असताना मी 'केळं' न म्हणता 'केयं' म्हणाले की मेसमध्ये पोरी हसायच्या. मला रडू यायचं. पण आपल्याच केळीच्या बागेत कामाला येणाऱ्या पावरा आदिवासी बायकांना आमच्या ओट्यावर वेगळा पेला होता, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. 'पारधी आला, कोंबड्या आत घ्या' हे मी लहानपणी किती ऐकलंय. जन्मावरूनच अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. १९५२ मध्ये तो गेला, आणि ओट्यावरची ती हाक अजून आहे. चुलत बहिणीचं लग्न 'पोरगी काई शे' (काळी आहे) म्हणून तीनदा मोडलं, ते कुठल्या गोऱ्याने नाही मोडलं.

ही सवय आपण बॅगेत भरून इथे आणतो. तू आलीस की आपलेच लोक सांगतील, "त्या भागात घर घेऊ नको, तिथे काळे फार." मी त्याच भागात राहते. माझ्या बाळंतपणात सिस्टरांच्या आईने सहा आठवडे डबा पाठवला. काळ्यांना वाईट बोलून आपण गोऱ्यांच्या जवळ जाऊ, असं मानणारे आपल्यात बरेच आहेत. तू तशी वागू नकोस, हे माझं हात जोडून सांगणं आहे.

पोराला सोबत आण. वर्षभर तोडू नकोस. शाळेत पहिल्या दिवशी बाईंना त्याचं नाव तीनदा म्हणून दाखव आणि त्यांच्याकडून म्हणवून घे. माझ्या मुलाचं नाव सोयीसाठी छोटं केलं, मी हो म्हटलं, आणि दुसरीत तो घरीही त्याच नावाने हाक मार म्हणू लागला. मी शाळेत गेले आणि पूर्ण नाव परत लिहून घेतलं. डब्याला वास येतो म्हणून कुणी चिडवलं, तर तेही बाईंना लेखी कळव, आणि त्याच्या डब्यातली लसणाची चटणी बंद करू नकोस.