युटीएमबीत, म्हणजे आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीच्या लांब पल्ल्याच्या धावशर्यतीत, जास्त कस कशाचा लागतो, चढाचा की उताराचा?

उताराचा, आणि त्यातही दुसऱ्या दिवशीच्या.

फ्रान्समधल्या शामोनीतून निघून इटली, स्वित्झर्लंड करत माँ ब्लाँला वळसा घालून परत शामोनीत यायचं: सुमारे १७० किमी, एकूण चढ जवळपास १०,००० मीटर. म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड साधारण सोळा वेळा, आणि तेवढंच उतरायचं. चढाला दम लागतो, पण काठ्या टेकत चालत राहिलं की निभतं. उभे चढ आघाडीचे धावपटूही बऱ्याचदा चालतच काढतात. उतारावर मात्र मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्याच्या तंतूंना इजा होते आणि पुढे साध्या पायरीवरही गुडघा लटपटतो.

ही ताकद उतारावरच कमवावी लागते. त्यामुळे सिंहगड चढून गाडीने खाली येऊ नका. छोटी पावलं टाकत, आधी बेताच्या वेगाने पळतच उतरा. शर्यतीआधीचे शेवटचे दोन आठवडे मात्र मोठे उतार बंद!

शर्यतीत खाणं भुकेवर सोडू नका, दर अर्ध्या तासाला थोडं पोटात जाऊ द्या. आणि वाटेतली ग्राँ कोल फेरेची खिंड २,५३७ मीटरवर आहे, तिथे ऑगस्टातही बर्फ पडू शकतो. वॉटरप्रूफ जॅकेट सॅकच्या तळाशी नको, चटकन हाताला लागेल असं ठेवा.