ख्रिस्ती विश्वासातून मिळणारी मनःशांती खरंच टिकते का?

तुम्ही विचारलंय की मेडिटेशनचं ॲप वापरून झालं, शिबिर झालं, यूट्यूबवरची प्रवचनं झाली, प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटतं आणि मग परत रात्री दोनला डोळे टक्क उघडे. आणि ऑफिसमधली एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणते की प्रभूमध्ये कायमची शांती आहे, तर हे खरं आहे का, आणि असेल तर त्यासाठी धर्म बदलावा लागतो का.

खरं आहे. पण कायमची शांती म्हणजे कायम शांत वाटत राहणं असं जर तुमच्या डोक्यात असेल तर तसं काही मिळत नाही, मला नाही मिळालं आणि माझ्यापेक्षा कितीतरी खोल विश्वास असलेल्या माणसांनाही मिळाल्याचं दिसत नाही. टिकतं ते वेगळंच आहे, तेच सांगते, उत्तर जरा लांबेल.

मी नगर जिल्ह्यातली, आता अहिल्यानगर म्हणायचं. आमचं घर आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती, संडे स्कूल, नाताळची नाटकं, कॉटेज मीटिंग (म्हणजे घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा) यातच वाढले. सध्या पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूत नर्स आहे. हे सांगायचं कारण एवढंच की ख्रिस्ती घरात जन्मलं म्हणजे शांती आपोआप मिळते असं बऱ्याच लोकांना वाटतं आणि तसं अजिबात नाहीये, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपासनेला येणारी आणि आतून पार पोखरलेली माणसं मी पाहिलीत.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. त्यांचं समाजकार्य आपण शाळेत शिकतो पण त्यांच्या आतल्या प्रवासाबद्दल कोणी फार बोलत नाही. 1858 चा जन्म, वडील मोठे शास्त्री, सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत पुराणं सांगत फिरायचं. मग दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. भाऊ उरला होता तोही 1880 मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात मनोरमा, अगदी तान्ही. एवढं सगळं पंचविशीच्या आत. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला. आता गोष्टीत असं पाहिजे की बाप्तिस्मा झाला आणि शांती मिळाली, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तसं झालं नाही. त्यांचं म्हणणं असं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि ही अवस्था सात-आठ वर्षं राहिली. एवढी विद्वान बाई, संस्कृत तोंडपाठ, आणि हे लिहायला कचरली नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मग बदललं काय? माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना एक गोष्ट उमजली, की तारण, म्हणजे पापातून सुटका, ही कमवायची वस्तू नाही. आपण आधी चांगले होऊ, पुरेसे शुद्ध होऊ, मग देव आपल्याला जवळ करील, हा हिशोबच उलटा आहे. येशूने वधस्तंभावर, म्हणजे क्रुसावर, आपल्यासाठी जीव दिला ते आधीच झालंय, क्षमा मिळून गेलीय, आपण फक्त ती घ्यायची. हे वाचताना फार सोपं वाटतं, पण तुम्ही दोन वाजता जागे असता तेव्हा डोक्यात काय चालू असतं ते एकदा बघा. मी असं का वागले, लोक काय म्हणत असतील, उद्या माझ्याकडून हे झालं नाही तर, मी कोणाच्या उपयोगाची आहे का. यातलं बरंचसं कुठे ना कुठे आपल्या लायकीपाशी येऊन थांबतं. ॲप तुमचा श्वास हळू करतं, ते चांगलंच आहे, मीही पेशंटना शिकवते, पण तुमची लायकी काय हा प्रश्न ते सोडवू शकत नाही कारण तो श्वासाचा प्रश्नच नाहीये. ख्रिस्ती विश्वास त्या प्रश्नाला हात घालतो. तो म्हणतो तुझा निकाल लागलेला आहे, आणि तो तुझ्या बाजूने लागलाय, तुझ्या कर्तबगारीवर नाही तर येशूने केलं त्यावर. म्हणून ही शांती माझ्या मूडवर अवलंबून नाही. मी चिडलेली असते, घाबरलेली असते, कधीकधी प्रार्थनेत शब्द फुटत नाही, तरी तो निकाल तिथेच असतो. टिकतं ते हे.

आणि नंतरचं रमाबाईंचं आयुष्य बघा ना, निवांत कुठे होतं. शारदा सदनवरून, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेवरून, पुण्यात केवढा गदारोळ झाला. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं (पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, मुक्ती मिशन आजही आहे). मुलींना छापखान्याचं काम शिकवलं आणि स्वतः अगदी शेवटपर्यंत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत बसल्या. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली, एकुलती एक, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. म्हणजे शांती मिळाल्यावर संकटं थांबली असं काही झालं नाही. फक्त ती संकटं म्हणजे देवाने आपल्याला टाकलं असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही.

हे मुद्दाम लिहितेय कारण हल्ली येशूकडे या, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल, आजार जाईल असं स्टेजवरून सांगणारे पुष्कळ झालेत. त्यांच्यापासून लांब राहा. कर्ज नाही फिटलं की माणूस दुप्पट खचतो, एकदा कर्जाने आणि एकदा आपलाच विश्वास कमी पडला या विचाराने. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, कशाचीही चिंता करू नका, बुद्धीच्या पलीकडची शांती तुमचं मन राखील, ते त्याने कैदेतून लिहिलंय. आणि त्याच फिलिप्पैत आधी त्याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून कोठडीत टाकलं होतं, तिथे मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला देवाची गाणी म्हणत होते. तो आरामखुर्चीत बसून सल्ला देत नव्हता म्हणून मला ते पत्र खरं वाटतं.

आता एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही, ती म्हणजे माफ करणं. माझ्या मते निम्म्याहून जास्त अशांती इथे अडकलेली असते. माझे वडील गेल्यावर आमच्या एका नातेवाइकाने शेताचा बांध सरकवला, गावाकडच्या लोकांना सांगायला नको की हे प्रकरण किती वर्षं चालतं. आईकडे एक शंभर पानी वही होती, तिच्यात प्रार्थनेची नावं, पहाटे चहा टाकायच्या आधी ती कंदिलासारखा तो चार्जिंगचा दिवा लावून एकेक नावावर बोट ठेवत जायची. आजारी माणसं, बाळंतपणाला आलेल्या पोरी, पाळकसाहेबांचा मुलगा, आणि मधेच त्या नातेवाइकाचं नाव. आधी ते खालच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, नंतरच्या पानांवर ते वर सरकत सरकत आमच्या भावंडांच्या नावांजवळ आलं. मी एकदा वैतागून म्हटलं, आई, याच्यासाठी काय प्रार्थना करतेस गं तू? ती म्हणाली, अगं पहिले काही महिने नुसतं नाव घेऊन गप्प बसायचे, पुढे काही निघायचंच नाही तोंडातून. आणि हे चालू असतानाच ती मोजणीचा अर्ज घेऊन तहसीलला खेपा घालत होती, हक्क सोडला नाही तिने. माफ करणं म्हणजे बांध सोडून देणं नाही हे मी तिच्याकडून शिकले. प्रकरण मिटायला पुढे खूप काळ गेला, तिची झोप मात्र त्याच्या कितीतरी आधी परत आली.

तर तुमच्याही मनात असं एखादं नाव असेल तर तिथून सुरुवात करा, मोठमोठे शब्द नकोत, नाव घ्या आणि गप्प बसा.

दुसरं, देवापुढे चांगलं चांगलं बोलायची गरज नाही. बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक उघडून बघा, त्यात 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळ तक्रारी आहेत, देवा किती दिवस, तू मला विसरलास का. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. खुद्द येशू पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत इतका व्याकूळ झाला की हा प्याला, म्हणजे हे दुःख, टळू दे म्हणाला. नाइटला एखादा तरुण पेशंट गेला की त्याच्या बायकोला बाहेर जाऊन सांगावं लागतं, डॉक्टरांसोबत आम्हीही असतो, आणि मग पहाटे स्टाफ रूममध्ये मी जे देवाशी बोलते ते कोणी ऐकलं तर म्हणेल ही भांडतेय. भांडतेच. पण ज्याच्याशी भांडता येतं तो ऐकतोय याची खात्री असते, आणि ती खात्री हीच माझी शांती, भांडण चालू असतानासुद्धा.

तिसरं नर्स म्हणून. झोप न येणं, कशात रस न वाटणं, छातीत धडधड हे जर आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते डिप्रेशन किंवा अँग्झायटी असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. बायबलमधला एलीया संदेष्टा एकदा इतका खचला की झाडाखाली बसून म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. देवाने त्याला लेक्चर दिलं नाही, झोपू दिलं, मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं नंतर. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर, मग तो पाळक का असेना, त्याचं ऐकू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच्या आज कोणालातरी सांगा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिला धर्म बदलायचा प्रश्न. शुभवर्तमान (बायबलमधलं येशूचं चरित्र) वाचायला आणि येशूशी बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, कुठलाही फॉर्म नाही. बाप्तिस्मा ही पुढची गोष्ट, ज्याला पटलं त्याने स्वतःहून घ्यायची, आणि कोणी घाई करत असेल किंवा त्याबदल्यात काही देऊ करत असेल तर तिथून सरळ उठून या. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लगेच नाही घेतला, घर मोडायची वेळ आली तरी नाही, काही वर्षांनी त्यांना स्वतःला पटलं तेव्हाच घेतला. आणि टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, पुढे ख्रिस्तावर अभंगच लिहिले त्यांनी. म्हणजे आपली भाषा, आपली माणसं टाकून द्यावी लागतात असंही नाही. घरच्यांना त्रास होणारच नाही असं मात्र मी म्हणणार नाही, होतो, टिळकांच्या घरी तर फार झाला.

कसं सुरू करू म्हणाल तर मार्ककृत शुभवर्तमानापासून करा, चार शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं आहे, 16 अध्याय, रोज एक वाचला तरी चालेल. चौथ्या अध्यायात वादळात नाव बुडायला आलीय आणि येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय तो प्रसंग येतो, तिथे थोडं थांबा, कारण शिष्य त्याला जे विचारतात, आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का, तोच तुमचा दोन वाजताचा प्रश्न आहे. वाचून झालं की मनात येईल ते आपल्या रोजच्या भाषेत बोला, दोन वाक्यं पुरेत. आणि त्या मैत्रिणीला विचारून एखाद्या रविवारी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसा, कोणी काही विचारत नाही, विचारलंच तर बघायला आलेय म्हणून सांगा. एकटीने हे पेलत नाही, मलाही नाही पेलत, ज्या आठवड्यात माझी प्रार्थना होत नाही त्या आठवड्यात मंडळीतली माणसं माझ्यासाठी करतात आणि मी नुसती बसून असते. वाचताना काही अडलं तर इथेच खाली विचारा, ड्युटी संपली की उत्तर देते.