लूर्दचा क्लब एवढा खाली कसा?

प्रश्न: भाचा फ्रान्सला शिकतो, लूर्दला रग्बीची मॅच बघून आला, म्हणतो हा क्लब ८ वेळा फ्रान्सचा चॅम्पियन होता आणि आता खालच्या डिव्हिजनमध्ये खेळतो, खरंय का हो? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: अगदी खरंय ताई. १९४८ ते १९६८ मध्ये ८ टायटल्स, आणि गाव केवढंसं, आपल्या मांजलपूरहून लहान! पण १९९५ला रग्बी प्रोफेशनल झाली, पगार सुरू झाले, मग पैसा नि चांगली पोरं तुलूझसारख्या मोठ्या शहरांकडे वळली, छोट्या गावाने कुठून आणायचं? मला मात्र अशाच क्लबांचं फार कौतुक वाटतं, पावसानंतर पोलो ग्राउंडवर होतो तसल्या चिखलात आठ-आठ जण खांद्याला खांदा भिडवून स्क्रम लावतात, म्हणजे बॉलसाठी समोरच्या टीमला रेटतात. भाच्याला सांगा, परत जा.