महिन्यातून एखाद-दोन सिगार ओढल्या तर वेट ट्रेनिंगवर, ताकदीवर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: तिशी ओलांडली आहे, आठवड्यातून चार दिवस वजनं मारता, सिगारेटला हात लावत नाही, पण महिन्यातून एक-दोनदा शनिवारी मित्रांबरोबर सिगार होते आणि धूर छातीत घेत नाही. याने ताकद कमी होईल का, आणि होत असेल तर जास्तीचा कार्डिओ करून भरपाई करता येईल का.

लोखंडी बारवरच्या वजनापुरतं विचारत असाल तर नाही, एवढ्याने तुमचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून उचलायचं वजन, खाली येणार नाही. नाशकात कॉलेज रोडच्या एका जिममध्ये मी बरीच वर्षं लोखंड उचलतोय. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये अधूनमधून सिगार ओढणारे दोघं-तिघं आहेत, त्यातला एक मी. सिगारमुळे कुणाचं वजन अडलेलं मी पाहिलं नाही. फक्त नुकसान शोधायला तुम्ही बारकडे बघताय, तिथे ते सापडायचंच नाही.

तीन-चार रेप्सचा, म्हणजे सलग तीन-चार उचलींचा, जड सेट बघता बघता संपतो. तेवढ्या वेळात स्नायू आपल्याकडच्या क्रिएटिन फॉस्फेटच्या, म्हणजे झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या, साठ्यावर काम भागवतो, श्वासातल्या ऑक्सिजनची त्याला फारशी गरज पडत नाही. धूर दणका देतो तो ऑक्सिजनच्या वाहतुकीला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच चार ते सहा तास जातात. त्यामुळे फरक जाणवलाच तर वीस रेप्सच्या स्क्वॉटमध्ये, रोइंग मशिनवर किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना जाणवेल.

आता ‘छातीत घेत नाही’ याबद्दल. सिगारचा तंबाखू आंबवलेला असतो आणि त्याचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असल्यामुळे तो आत ओढल्याशिवाय मजा येत नाही. नव्याने सिगार ओढणारा, धूर न गिळताही, अर्ध्यावरच घामाघूम होऊन खुर्ची धरून बसतो तो याचमुळे. शिवाय सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असतो, मोठ्या सिगारमध्ये पाचपासून वीस ग्रॅमपर्यंत. आणि पूर्वी तुम्ही सिगारेट ओढत असाल तर ‘आत घेत नाही’ यावर फार भरवसा ठेवू नका. जुन्या सवयीने थोडा धूर आत जातोच, आणि जाणाऱ्याला ते कळत नाही.

हल्ली जिममधली पोरं निकोटिनने फोकस वाढतो असं सांगत फिरतात. वाडाने, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, ते २०१२ पासून देखरेखीच्या यादीत ठेवलंय, बंदी घातलेली नाही. पण निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, नाडी आणि रक्तदाब चढवतं. श्वास कोंडून जड स्क्वॉट मारताना रक्तदाब आधीच प्रचंड वर जातो. त्यात ही भर कशाला? व्यायामाच्या आधी दोन-चार तासांत सिगार नकोच, आणि घरात ब्लडप्रेशरचा इतिहास असेल तर सिगारचा विचारच सोडलेला बरा. खांदा किंवा गुडघा दुखावलेला असेल तेव्हाही थांबा. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे दुखापत भरून यायला वेळ लागतो. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर तंबाखू बंद करायला लावतात ते उगाच नाही.

स्नायू वाढण्याबद्दल जे वाचायला मिळतं, की धूम्रपानाने स्नायूंमधली प्रथिनं बनण्याचा वेग मंदावतो, ते वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांच्या तपासण्यांमधून आलेलं आहे. महिन्याच्या एका सिगारला ते जसंच्या तसं लावू नका.

व्यायामाची खरी वाट लावते ती शनिवारची रात्र. आमचा अड्डा म्हणजे गंगापूर धरणाच्या अलीकडे एका मित्राचा मळा. नाशिक म्हटल्यावर वाइन आलीच. सात वाजता पहिली बाटली उघडते, शेंगदाणे आणि कांदाभज्यांवर पोट भरत राहतं आणि चुलीवरचं मटण ताटात पडेपर्यंत साडेअकरा वाजतात. सिगार निघते त्याच्याही नंतर. झोपायला दोन. दुसऱ्या दिवशी बार जड लागला की सगळे सिगारला शिव्या घालतात, मटणाला कुणी काही म्हणत नाही! मी मनगटावरच्या घड्याळात सकाळची नाडी बघतो. जेवण आठला उरकून नुसती सिगार ओढली असेल, वेळेवर झोपलो असेन, तर ती नेहमीपेक्षा दोन-तीन ठोके वर असते. वाइन आणि जागरण जोडीला असलं की सात-आठ. निकोटिनही झोप उडवतंच, म्हणून रात्री बाराला पेटवण्यापेक्षा संध्याकाळी पेटवलेली परवडते.

हे सगळं ताकदीचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती तोंडाची. धूर गिळत नाही म्हणजे तो तोंडात खेळवता. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका त्यातून येतो, आणि सोबत दारू असेल तर दोन्हींचा मिळून धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. नेमकी आपली शनिवारची जोडी! महिन्यातून एकदा ओढणाऱ्याचा धोका रोजवाल्यापेक्षा पुष्कळ कमी, हे खरंच. शून्य मात्र म्हणता येत नाही. वर्षातून एकदा दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा गालांची आतली बाजू आणि जीभ नीट बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर घरगुती औषधं करत बसू नका.

जाता जाता एक सांगतो. इथून तासाभरावर सिन्नरला बायका पिढ्यान्‌पिढ्या टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळून विड्या बांधत आल्या. त्या विडीचा स्टॅमिनावर काय परिणाम होतो असं कुणी विचारत नाही, सगळ्यांना उत्तर ठाऊक असतं. सिगार लाकडी डबीतून निघते आणि महाग असते, म्हणून आपल्याला ती वेगळी वाटते. तंबाखूला डबीची किंमत कळत नाही.

आणि ‘महिन्यातून एक-दोनदा’ हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्यातल्या एकाचं लग्नसराईत आठवड्याला एक कधी झालं, त्यालाच समजलं नाही.

राहिला कार्डिओ. त्याने दम वाढतो, हृदयाला फायदा होतो, म्हणून जरूर करा. पण तोंडाला लागलेला धूर त्याने धुतला जात नाही, तेव्हा त्याला भरपाई म्हणू नका. सिगारच्या दुसऱ्या दिवशी मी जिमला जातच नाही. सकाळी पाणी भरपूर पितो, गोल्फ क्लबच्या मैदानावर चालायला जातो आणि पायांच्या व्यायामाचा दिवस मंगळवारी ठेवतो. तुमचे पाय रविवारी असतील तर आधी ते वेळापत्रक बदला.